तंबू किती जणांचा? मोटरसायकल कॅम्पिंगच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

काम: दोन गाड्या, दोन स्वार, एक तंबू. पुण्यातून शनिवारी पहाटे निघायचं, सह्याद्रीत नाहीतर कोकणात मुक्काम, रविवारी परत. वर्षातून एकदा लांबचा दौरा, लडाख किंवा स्पिती. दोन्ही गाड्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४११. एकाच गाडीवर दोघं असाही प्रकार होणार, त्याचा हिशेब शेवटी वेगळा.

पिशवीवर 'टू पर्सन' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की दोन मॅट शेजारी शेजारी मावतात. हेल्मेट, बूट, जॅकेट, सॅडलबॅग (गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) यांचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. ट्रेकरचं बरं असतं, सॅक उशाला घेतली की झालं. दुचाकीवाल्याचं सामान टणक आणि बोजड, शिवाय रात्रभर गाडीवर सोडवत नाही. म्हणून सगळे सांगतात, 'एक माणूस जास्तीचा धरा.' सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. माणूस वाढवला की तंबूची गुंडाळीही वाढते आणि ती गाडीवर बसेनाशी होते.

तपासायला चार तंबू उसने आणले. नावांऐवजी अक्षरं:

अ: दोन जणांचा डोम. आतलं माप २१० × १३० सें.मी., उंची १०७. फायबरग्लासचे पोल. एक दरवाजा. गुंडाळी ५८ × १६ सें.मी., वजन २.९ किलो.

आ: तीन जणांचा डोम. २१५ × १८०, उंची १२०. ॲल्युमिनियमचे ८.५ मि.मी. पोल. दोन दरवाजे, दोन्हीकडे ७० सें.मी. ओसरी (दरवाजाबाहेरची झाकलेली जागा). गुंडाळी ४७ × १८, वजन ३.४ किलो.

इ: चार जणांचा डोम. २४० × २१०, उंची १३०. फायबरग्लास. गुंडाळी ६४ × २०, वजन ५.२ किलो.

ई: दोन जणांचा बोगदा, म्हणजे ओळीने कमानी असलेला लांबट तंबू. आत २२० × १४०, पुढे १३० सें.मी.ची लांब ओसरी. गुंडाळी ५० × २०, वजन ४.१ किलो.

सगळी मापं टेपने आणि सामानाच्या काट्याने घेतलेली. पिशवीवरच्या छापील वजनात खुंट्या आणि दोऱ्या कधी धरलेल्या असतात, कधी नसतात. त्यामुळे छापील आकडे वापरलेच नाहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

आधी गाडी मोजली. तंबू निवडताना बहुतेक जण हे सगळ्यात शेवटी करतात आणि तिथेच फसतात.

हिमालयनची पुढून रुंदी ८४० मि.मी. (हँडलबारसकट), चाकांतलं अंतर १४६५ मि.मी. मऊ सॅडलबॅगची आतली लांबी ४२ सें.मी., रुंदी २०, उंची ३०. सायलेन्सर उजवीकडे, म्हणजे उजव्या बॅगेच्या खालच्या अंगाला तंबूचं काहीही ठेवायचं नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही तापलेल्या नळीला टेकताच चिकटतात.

गंमत अशी की अ आणि आ यांच्या गुंडाळीचं आकारमान जवळजवळ सारखंच येतं, एकाचं ११.७ लिटर, दुसऱ्याचं १२ लिटर. म्हणजे तीन जणांचा तंबू दोन जणांच्या तंबूपेक्षा जागा जास्त खात नाही, उलट ११ सें.मी.ने आखूड पडतो. कारण कापडात नाही, पोलच्या तुकड्यांत आहे. कापड कसंही कोंबता येतं, पोल वाकवून भरता येत नाही. अ चा एक तुकडा ५५ सें.मी., आ चा ४४. स्वस्त फायबरग्लासच्या तंबूत तुकडे कमी आणि लांब असतात, कारण प्रत्येक जोड म्हणजे एक धातूची नळी आणि तेवढाच खर्च. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न 'किती जणांचा' हा नको. पोल बाहेर काढून एक तुकडा मोजायचा. ४५ सें.मी.च्या आत असेल तरच पुढचं बोलणं.

४४ चा तुकडाही ४२ च्या बॅगेत सरळ जात नाहीच. म्हणून पोल वेगळे आणि कापड वेगळं, हे आजच ठरवून टाकलं. सायकलवाल्यांसाठी ३० सें.मी. तुकड्यांचे तंबू मिळतात, ते आडवे-उभे कुठेही जातील. पण त्यात दोघांना सामानासकट पुरेल असा मोठा आकार क्वचितच मिळतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

गच्चीवर खडूने चारही तंबूंचे तळ आखले आणि त्यात खरं सामान मांडलं. तंबू उभा न करताही निम्मा निकाल इथेच लागतो. ज्याला तंबू विकत घ्यायचा आहे त्याने निदान एवढं तरी करावं, खडूला पैसे पडत नाहीत.

मांडलेलं सामान, दोन स्वारांचं:

मॅट २, प्रत्येकी १८३ × ६०: २.१९६ चौ.मी.
हेल्मेट २, ३५ × २७: ०.१८९
बुटांचे जोड २, ३२ × २५: ०.१६०
घडी केलेली जॅकेट २, ४५ × २५: ०.२२५
सॅडलबॅगच्या आतल्या पिशव्या ४, ४२ × २०: ०.३३६
टँकबॅग (पेट्रोलच्या टाकीवरची बॅग) २, ३० × २५: ०.१५०

एकूण ३.२५६ चौ.मी. 'अ'चा तळ २.७३, 'आ'चा ३.८७, 'इ'चा ५.०४, 'ई'चा ओसरी सोडून ३.०८.

बूट आणि चार पिशव्या ओसरीत ढकलल्या तर आत २.७६ चौ.मी. उरतात. 'अ' तरीही ०.०३ ने हुकतो. कागदावर ही चूक नगण्य वाटते. प्रत्यक्षात दोन मॅट मिळून १२० सें.मी. आणि तंबू १३०, म्हणजे कडेला पाच-पाच सें.मी. फट. त्या फटीत हेल्मेट जात नाही. पायथ्याशी २७ सें.मी.ची पट्टी राहते, पण वर कापड उतरतं असल्यामुळे तीही पूर्ण वापरता येत नाही.

'आ' मध्ये मॅटच्या बाजूला ६० सें.मी. रुंद पट्टी मोकळी. सगळं सामान आत घेऊनही ०.६१ चौ.मी. शिल्लक. पाऊस असला तर ओल्या पावसाळी सूटसाठी ओसरी मोकळी राहते. हे महत्त्वाचं, कारण ओला सूट आत आणला की स्लीपिंग बॅग गेलीच.

एकट्या स्वाराचं गणित याच मांडणीतून निघालं. एक मॅट आणि एकाचं सगळं सामान मिळून १.६३ चौ.मी., 'अ' मध्ये १.१ चौ.मी. मोकळे. एकट्याला दोन जणांचा तंबू पुरतो, तीन जणांचा उगाच. एकट्याने एक जणाचा तंबू घेऊ नये. त्यात हेल्मेट उशाशी घेतलं की पाय कापडाला लागतात.

२२ सप्टेंबर, रविवार

तळ मोजून भागत नाही, भिंती उतरत्या असतात. चारही तंबू ताणून उभे केले आणि गवंड्याचा ओळंबा लावून पाहिलं. जमिनीपासून ३० सें.मी. उंचीवर, म्हणजे मॅट आणि स्लीपिंग बॅग धरून झोपलेल्याचं डोकं आणि पायाची बोटं जिथे येतात तिथे, भिंत किती आत आली आहे?

'अ': दोन्ही टोकांना १२ सें.मी. वापरता येणारी लांबी २१० नव्हे, १८६.
'आ': दोन्ही टोकांना ९ सें.मी. लांबी १९७. इथे पोल टोकाशी आधीच वाकवलेले आहेत, त्यामुळे भिंत जास्त उभी राहते.

१७५ सें.मी. उंचीच्या माणसाला स्लीपिंग बॅगच्या फुगवट्यासकट १९० तरी लागतात. 'अ' मध्ये त्याची बॅग पायाकडे कापडाला टेकते आणि सकाळी तेवढा भाग ओला निघतो. पावसाने नव्हे, श्वासाच्या वाफेने. दुकानदार 'सहा फुटी माणसाला पुरेल' म्हणतो तेव्हा तो जमिनीवरची लांबी सांगत असतो.

उंची: बसलेल्या माणसाची डोक्यापर्यंतची उंची ९० च्या आसपास, खाली मॅट, वर चार बोटं मोकळी, म्हणजे निदान १००. 'अ'चे १०७ फक्त मधोमध मिळतात, हातभर बाजूला सरकलं की डोकं टेकतं. रायडिंग पँटच्या गुडघ्यात कडक पॅड असतात. ती घालायची तर ११५-१२० हवेत, नाहीतर पँट चढवायला तंबूबाहेर यावं लागतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

बांधाबांध. चारही तंबू गाडीवर आळीपाळीने.

'इ' मागच्या सीटवर आडवा टाकला. ६४ सें.मी. लांबी हँडलबारच्या रुंदीत सहज बसते, तेव्हा बाजूने अडायची भीती नाही. त्रास वेगळा आहे. गुंडाळी २० सें.मी. जाड, त्याखाली सॅडलबॅगचे पट्टे, त्यामुळे पाय टाकून बसताना टाच दर वेळी पिशवीला घासते. पन्नास वेळा चढ-उतार झाली की शिवण उसवणारच.

वजन मागे गेल्याने पुढचं चाक हलकं होतं असं फार ऐकू येतं, तेही मोजून टाकलं. ५ किलोची पिशवी मागच्या आसाच्या ३० सें.मी. मागे ठेवली तर पुढच्या चाकावरून ५ × ३० ÷ १४६.५, म्हणजे साधारण १ किलो भार उतरतो. एकट्या तंबूने चाक उचललं जात नाही. पण तंबू, मॅट, स्टोव्ह, पाणी असं २० किलो तिथेच रचलं तर ४ किलो उतरतो, आणि वळणावर शेपूट डुलायला लागते. तेव्हा जड ते खाली आणि पुढे. कॅरियरवर फक्त हलकं.

'आ'ची शेवटची मांडणी अशी:

१. आतला तंबू आणि जमिनीवरची ताडपत्री डाव्या सॅडलबॅगेत, घडी न घालता कोंबून. रोज त्याच रेषेवर घडी घातली की तिथलं कोटिंग आधी तडकतं.
२. फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, स्वतंत्र २० लिटरच्या ड्रायबॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), सीटवर आडवी. ओली असली तरी आतल्या तंबूला लागत नाही.
३. पोल त्यांच्याच पिशवीत, पिशवीला वरून जुन्या जीन्सच्या पायाचं आवरण, डाव्या सॅडलबॅगच्या वर गाडीला समांतर. दोन पट्टे, एक पुढे, एक मागे.
४. खुंट्या वेगळ्या जाड कापडी पिशवीत, बॅगेच्या तळाशी. खुंट्या आणि कापड एका पिशवीत कधीच नाही.

बांधायला २५ मि.मी. रुंद पट्टे, दाबून धरणाऱ्या बकलचे. हूकवाल्या रबरी दोऱ्या घेऊ नयेत. खड्ड्यात त्या ताणल्या जातात, पिशवी सूतभर उचलली जाते आणि हूक निसटतो. निसटलेला हूक चेनकडे जातो किंवा डोळ्याकडे. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून रबरात अडकवायचं, लोंबतं ठेवायचं नाही. मागच्या चाकात पट्टा गेला की चाक जागेवर जाम.

एक तंबू दोन गाड्यांत वाटायचा का, म्हणजे कापड एकीकडे आणि पोल दुसरीकडे? वजनाच्या दृष्टीने सोयीचं, पण करू नये. घाटात गाड्यांची चुकामूक झाली तर दोघांकडे अर्धा अर्धा तंबू, आणि अर्धा तंबू म्हणजे चादर. तंबू पूर्ण एका गाडीवर. स्टोव्ह, भांडी आणि पाणी दुसऱ्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

'इ' बाद. वजन आणि लांबी ही दोन कारणं झालीच, तिसरं जागेचं. ओसरी आणि ताणाच्या दोऱ्या धरून त्याला चार मीटर बाय चार मीटर सपाट जागा लागते. सह्याद्रीत सपाटी म्हणजे बहुधा भातखाचर, आणि उतारावरच्या खाचराची रुंदी कित्येकदा तीन-साडेतीन मीटरच असते. 'आ'ला ३.४ × ३.४ पुरतात. शिवाय मोठ्या तंबूत दोनच माणसं झोपली तर आतली हवा तेवढी उबदार राहत नाही.

गाडी आत घेणारे 'गॅरेज' तंबू मिळतात, त्यांचा विचार करून सोडून दिला. बहुतेकांचं वजन पाच किलोंच्या वर. गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ येत राहते आणि सायलेन्सर निवायला अर्धा तास जातो. गाडीला झाकण हवं असेल तर साधं कव्हर घ्यावं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाण्याची चाचणी. 'आ' गच्चीवर उभा, बागेच्या नळीने चारही बाजूंनी अर्धा तास. आत कोरडी वर्तमानपत्रं पसरलेली, थेंब पडला की लगेच दिसतो.

वरून काही आलं नाही. गळालं ते तळाच्या दोन कोपऱ्यांत, खुंटीचा पट्टा जिथे शिवला आहे तिथे. नेहमीची जागा. तिथे सुई तीन-चार थरांतून गेलेली असते आणि शिवणीवरची टेप नीट बसत नाही. पॉलियुरेथेन कोटिंगच्या कापडाला पॉलियुरेथेनचाच सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा लेप) लागतो, सिलिकॉन कोटिंगला सिलिकॉनचा. उलट लावलं तर वाळल्यावर सालीसारखं निघून येतं. आतून पातळ दोन हात, एक दिवस वाळत ठेवून वर टाल्कम पावडर. पावडर नसेल तर घडीत कोपरे एकमेकांना चिकटतात.

कोटिंगचा आकडा पाहताना: फ्लायला १५०० मि.मी. आणि तळाला ३००० पुरेत. हा आकडा म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ तोलला जातो ते. तळाला जास्त लागतो, कारण गुडघा टेकला की पाणी दाबून वर येतं.

ताडपत्रीचं माप: तळ २१५ × १८०, ताडपत्री २०५ × १७०. चारी बाजूंनी पाच सें.मी. आत. बाहेर डोकावली तर फ्लायवरून उतरलेलं पाणी तीच गोळा करते आणि तंबूखाली नेते. १२० जीएसएमच्या (दर चौ.मी.ला १२० ग्रॅम) तुकड्याचं वजन ४१८ ग्रॅम. खाचरात भाताची धसकटं असतात, ती नुसत्या तळाला भोकं पाडतात. तेव्हा ताडपत्री घरी ठेवून वजन वाचवायचं नाही.

९-१० नोव्हेंबर, भंडारदरा

जलाशयाकाठी, गावकऱ्यांना विचारून घेतलेली जागा. मऊ माती, गवत, मोकळं आकाश. हे तिन्ही दंव पडायला उत्तम, म्हणून चाचणीला उत्तम. एरवी झाडाच्या छायेखाली किंवा पाण्यापासून शंभरेक पावलं वर सरकलं तर तंबू बराच कोरडा राहतो.

'आ' आणि 'अ' शेजारी शेजारी, दोन्हींत दोघं दोघं. सकाळी 'अ'ची फ्लाय आतून ओथंबलेली. 'आ'चीही ओली, पण थेंब आतल्या जाळीवर पडत नव्हते. फरक दोन गोष्टींचा: 'आ'मध्ये फ्लाय आणि आतला तंबू यांच्यात वीतभर अंतर आहे, आणि दोन दरवाजे असल्यामुळे दोन्हीकडून दरवाजाची चेन (झिप) वरून वीतभर उघडी ठेवता येते. एका दरवाजाच्या तंबूत हवा येते तिथूनच परतते. दोन दरवाजांचा दुसरा फायदा म्हणजे रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागत नाही.

फ्लायचं वजन, टांगत्या काट्यावर: कोरडी १.२५ किलो, सकाळी ओली १.९०, जोरात झटकल्यावर १.६५, जुन्या पंच्याने पुसल्यावर १.५०. म्हणजे ओल्या तंबूचं अर्धं-पाऊण किलो जास्तीचं धरावं, आणि पंचा बरोबर असावा. चहाला थांबलं की फ्लाय गाडीवर उन्हात पसरायची. निवलेल्या सायलेन्सरवरच पसरावी, हे वेगळं सांगायला नको, तरी लिहून ठेवलं.

'आ'ची फ्लाय पॉलिएस्टरची आहे. नायलॉनची असती तर ओल धरून सैल पडली असती आणि मध्यरात्री दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागल्या असत्या.

गाडी कुठे लावायची: साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. माती मऊ असेल तर स्टँड रुततो आणि गाडी डावीकडेच पडते. तेव्हा तंबू गाडीच्या उजव्या अंगाला, निदान दोन मीटर दूर. स्टँडखाली शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा. तंबूची दोरी गाडीला बांधायची नाही.

२३ नोव्हेंबर, रत्नागिरीजवळचा कातळसडा

'ई'चा निकाल इथे दहा मिनिटांत लागला. बोगदा तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभा राहतो, आणि जांभ्यावर खुंटी जात नाही. दोन्ही टोकांना दगड लावून कसाबसा उभा केला, तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात मधोमध बसला. ओसरी लांब, बूट-बॅगा ठेवायला मोहात पाडणारी, पण आपल्याकडच्या जमिनीला हा तंबू नाही. डोम एकमेकांना छेदणाऱ्या दोन पोलांवर स्वतः उभा राहतो. दगड लागतात ते फक्त ओसरी ताणायला.

दगड लावायची पद्धत: दोरीच्या टोकाला मुठीएवढा दगड किंवा आडवी काडी बांधायची, आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर आठ-दहा किलोचा मोठा दगड ठेवायचा. ताण आला की लहान दगड मोठ्याच्या मागे अडकतो. नुसता मोठा दगड दोरीवर ठेवला तर दोरी हळूहळू सरकते. जांभा कानशीसारखा खरबरीत असतो, २ मि.मी.ची दोरी एका रात्रीत अर्धी कापली जाते. दगडाखाली कापडाची चिंधी.

यासाठी मूळ दोऱ्यांना प्रत्येकी दीड मीटरची जोड हवी. आठ दोऱ्यांना १२ मीटर.

२४ नोव्हेंबर, गुहागर

जयगड-तवसाळ फेरी बोटीने पलीकडे. किनाऱ्यावर सुरूच्या बनाच्या कडेला, वाळूत.

वाळूत १८ सें.मी.ची खुंटी म्हणजे लोण्यात सुई. कापडी पिशव्या वाळूने भरून हातभर खोल आडव्या पुरल्या, दोरी मधोमध बांधलेली. पाय दाबून वाळू बसवली की हलत नाही. सहा पिशव्या पुरतात, रिकाम्या असताना वजन नगण्य.

तंबू भरतीच्या रेषेच्या वर. ती रेषा वाळूवर आलेल्या काटक्या आणि कचऱ्यावरून ओळखता येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी नेहमीच्या रेषेच्या पुढे येतं, तेव्हा बनाजवळच बरं.

वाळूने बिघडते ती तंबूची चेन. रनरमध्ये कण अडकले की ओढाओढीत त्याचे ओठ फाकतात आणि चेन मागून उघडते. जोर न लावता गोड्या पाण्याने धुवायची. तरी उघडत असेल तर पकडीने रनरच्या दोन्ही कडा अलगद दाबायच्या, एका वेळी थोड्याच. जास्त दाबला की तो कायमचा अडकतो. घरी आल्यावर पोलचे सांधेही गोड्या पाण्याने धुऊन पुसायचे. खारटपणा राहिला तर ॲल्युमिनियम पांढरं पडतं आणि तुकडे एकमेकांत फसतात.

१ डिसेंबर, रविवार

दोन्ही दौऱ्यांनंतरची तपासणी. पोलच्या पिशवीवरचं जीन्सचं आवरण एका जागी घासून पांढरं पडलंय, पट्ट्याच्या बकलखाली. आत पोल शाबूत. आवरण नसतं तर पिशवी फाटून सांध्यांत धूळ गेली असती. बकल वरच्या अंगाला घेतलं.

आतल्या इलॅस्टिक दोरीचा ताण ठीक. ती बदलायची वेळ आली तर ३ मि.मी. जाडीची, लांबी पोलच्या पाऊणपट. पूर्ण लांबीची टाकली तर तुकडे लोंबत राहतात, फार आखूड टाकली तर घडी होत नाही.

दुरुस्तीच्या पिशवीत: पोलवर सरकणारी १२ सें.मी.ची ॲल्युमिनियम नळी, ८.५ च्या पोलसाठी आतला व्यास ९.५ ते १० मि.मी.; चिकटपट्टी दोन मीटर, पेन्सिलीवर गुंडाळून; सुई-दोरा; कापडी पॅच दोन; एक जास्तीचा रनर. फायबरग्लासचा पोल मोडला तर हातमोजे घातल्याशिवाय धरू नये, त्याची कुसळं बोटांत जातात आणि दिसत नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

राहिलेले दोन हिशेब.

एकाच गाडीवर दोघं: माणसांचं सामान तेवढंच, पण बॅगेच्या पिशव्या चाराऐवजी दोन, टँकबॅग एक. एकूण ३.०१ चौ.मी., बूट आणि पिशव्या ओसरीत गेल्या तर आत २.६९. 'अ'च्या २.७३ मध्ये हे कागदावर बसतं, उतरत्या भिंती धरल्या की बसत नाही. इथे १४० सें.मी. किंवा जास्त रुंदीचा, दोन दरवाजांचा, दोन ओसऱ्यांचा दोन जणांचा तंबू योग्य. मागची सीट गेल्यामुळे तंबूला फक्त कॅरियर उरतं, तेव्हा पोलच्या तुकड्याची ४५ सें.मी.ची अट इथे आणखी कडक.

लडाख: मनाली-लेह रस्त्यावर सरचूला उंची सुमारे ४,३०० मीटर, आणि दुपारनंतर वारा. मोठा तंबू म्हणजे मोठं शीड, म्हणून तीन जणांच्या वर तिथे जायचंच नाही. अरुंद टोक वाऱ्याकडे, सर्व दोऱ्या लावायच्या. आतला तंबू पूर्ण जाळीचा असेल तर वारा आणि बारीक धूळ दोन्ही आत येतात. निम्म्या उंचीपर्यंत कापड असलेला हवा. 'आ' तसा आहे. तिथली जमीन गोट्यांची, ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे, डोक्याखाली वायसर घालून. वायसर नसेल तर पट्टा डोक्यावरून निसटतो.

स्टोव्ह तंबूत किंवा बंद ओसरीत पेटवायचा नाही, वारा कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२२ डिसेंबर, रविवार

'आ' पक्का. कोरड्या अवस्थेत तंबू ३.४०, ताडपत्री ०.४२, जास्तीच्या खुंट्या, दोऱ्या, रिकाम्या पिशव्या आणि दुरुस्तीचं सामान ०.४५. एकूण ४.२७ किलो, ओला असताना ५ धरायचे. लडाखला सहा इंची दहा खिळे वेगळे.

'अ' परत न देता विकत घेतला, एकट्याच्या फेऱ्यांसाठी. त्याचे फायबरग्लासचे पोल काढून ४० सें.मी. तुकड्यांचे ॲल्युमिनियमचे करून घ्यायचे आहेत. एका पोलची लांबी कमानीवरून मोजली तर ३५० सें.मी. भरते, म्हणजे नऊ तुकडे, टोकाची टोपणं धरून प्रत्येकी ३९ चे. टोपणाचा व्यास तंबूच्या पट्ट्यावरच्या भोकाशी जुळतो का, ते पोल कापायच्या आधी पाहायचं.